देवळालीचा ताप

इंग्रजी शब्दकोशांत ‘डूलॅली’ असा एक शब्द सापडतो. अर्थ दिलेला असतो : डोके फिरलेला, भ्रमिष्ट. हा शब्द आला कोठून म्हणून शोधू लागले की आपण थेट नाशिकजवळच्या देवळालीला येऊन पोचतो. मूळ शब्दप्रयोग होता ‘डूलॅली टॅप’. त्यातला ‘टॅप’ म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपला नेहमीचा ‘ताप’. गोऱ्या सोल्जरांनी येथे येऊन उचललेला हा शब्द त्यांच्याबरोबर विलायतेला गेला आणि तिकडेच रुळला.

देवळालीची लष्करी छावणी १८६१ ची. इंग्लंडहून आलेले सैनिक मुंबईत उतरत, घाट चढून देवळालीला येत आणि तेथून आपापल्या पलटणीकडे रवाना होत. परतीची वाटही तीच होती. मात्र सैनिकांची ने-आण करणारी जहाजे हिवाळ्याच्या हंगामातच चालत. ज्याच्या नोकरीची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत कित्येक महिने देवळालीत बसून राहावे लागे. नोकरी तर संपलेली, घर हजारो मैल दूर, आणि दिवसभर करण्यासारखे काही नाही. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका ब्रिटिश शिपायाने १९३६ मध्ये आपल्या हिंदुस्थानातील नोकरीच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. वर्षानुवर्षे निष्कलंक नोकरी केलेली माणसे देवळालीला आल्यावर कशी बिघडत, कोणी आजार ओढवून घेई तर कोणी तुरुंगात जाई, याचे वर्णन त्यांत आहे.

यातली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. देवळालीला युद्ध नव्हते. तोफ नाही, शत्रू नाही, जखमी सोबती नाहीत. तरीही माणसे तेथे खचत. सैनिकाच्या मनाला जे काही होते ते रणांगणावरच होते, या समजुतीला येथेच पहिला तडा जातो. सैनिक आणि त्यांची कुटुंबे यांच्यातील आत्महत्या रोखण्याच्या प्रयत्नांचा इतिहास पाहताना हा तडा वारंवार भेटतो, म्हणून सुरुवात देवळालीपासून केली.

तारेच्या कुंपणाचा आजार

देवळालीहून आता अहमदनगरला येऊ. २०२४ मध्ये शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले; जुन्या घटना सांगताना जुनेच नाव ठेवतो. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, आणि तेव्हापासून आजतागायत नगर हे लष्करी ठाणे राहिले आहे. भिंगारची छावणी, १९४८ पासूनचे चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला, पुढे आलेले यांत्रिक पायदळाचे केंद्र, वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा, १९९४ मध्ये उघडलेले रणगाडा संग्रहालय, हे सारे वाचकांच्या परिचयाचे असेल. रणगाड्यांच्या शाळेची सहल पुष्कळ शाळांनी नेली आहे.

याच नगरमध्ये बंदिवानांचीही एक मोठी परंपरा आहे. १९०१ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतून पकडून आणलेले बोअर युद्धकैदी येथे होते. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर हिंदुस्थानातले जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिक, म्हणजे व्यापारी, कारकून, अगदी मिशनरीसुद्धा, नगरच्या छावणीत स्थानबद्ध झाले. पूर्व आफ्रिकेतून आणखी काही आले. त्यांतले बहुतेक शिपाई नव्हतेच.

अशा छावण्यांचा शास्त्रीय अभ्यास केला तो आडोल्फ लुकास व्हिशर या स्विस डॉक्टरने. युरोपातील छावण्या पाहून त्याने १९१८ मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले, आणि त्यात वर्णन केलेल्या विकाराला ‘तारेच्या कुंपणाचा आजार’ असे नाव दिले. लक्षणे अशी : क्षुल्लक कारणावरून चिडणे, वाचलेले डोक्यात न शिरणे, नावे विसरणे, झोप उडणे, सोबत्यांविषयी सतत संशय. कारणे त्याने तीन दिली. स्वातंत्र्य नाही, हे पहिले. हे किती दिवस चालणार ते ठाऊक नाही, हे दुसरे. आणि तिसरे, जे इतरांना सहसा सुचले नसते, ते म्हणजे क्षणभरही एकटे राहता येत नाही. ठराविक मुदतीची शिक्षा झालेला कैदी भिंतीवर रेघा मारून दिवस मोजू शकतो. स्थानबद्धाला तीही सोय नसते. देवळालीच्या शिपायालाही नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात नगरच्या किल्ल्यात राजकीय कैदी आले. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद येथे आणले गेले. मुदत ठाऊक नाही ही अट त्यांनाही लागू होती. पंडित नेहरूंनी बाग केली आणि १९४४ मध्ये भारताच्या इतिहासावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, हे आपण विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगतो. पण त्याच किल्ल्यात मौलाना आझादांना एप्रिल १९४३ मध्ये आपली पत्नी कलकत्त्यात वारल्याची बातमी मिळाली, हेही सांगायला हवे. लांब अडकून पडलेल्या माणसावर घरची बातमी कशी कोसळते हे कोणत्याही लष्करी डाकघराला ठाऊक असते.

द्युर्केमचे आकडे

सैनिकांतील आत्महत्येचा आकड्यांनिशी विचार त्याआधीच सुरू झाला होता. एमिल द्युर्केम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आत्महत्येवरील ग्रंथ १८९७ चा. तोपर्यंत हा विषय नीती आणि धर्म यांच्या ताब्यात होता. द्युर्केमने तो तक्त्यांच्या ताब्यात दिला. त्याने युरोपातील सैन्यांचे दर आणि त्याच वयाच्या नागरिकांचे दर शेजारी शेजारी मांडले. पाहिलेल्या प्रत्येक देशात सैनिकांचा दर जास्त निघाला. फ्रान्समध्ये सव्वापट, इंग्लंडमध्ये अडीचपटीहून थोडा अधिक, तर ऑस्ट्रियात दहापट.

सैनिक अविवाहित असतात म्हणून असे होत असेल, अशी शंका कोणी घेईल. द्युर्केमने ती स्वतःच घेतली, आणि फ्रेंच सैनिकांची तुलना तेवढ्याच वयाच्या अविवाहित नागरिकांशी केली. तरीही सैनिकांचा दर दीडपटीहून जास्त राहिला. लष्कराची सवय नसलेले नवशिके जीव देत असतील, ही दुसरी शंका. तिचे उत्तर आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे, कारण त्यात हिंदुस्थान येतो. हिंदुस्थानातल्या इंग्रज सैन्यात विशीच्या सुरुवातीच्या शिपायांत दर लाखास १३ आत्महत्या होत्या, आणि पस्तिशी ओलांडलेल्यांत १०३. म्हणजे नोकरी जसजशी मुरत गेली तसतसा दर आठपटीने चढला. सवयीने त्रास कमी होतो हा सिद्धान्त येथे उलटा पडला.

द्युर्केमने याचा अर्थ असा लावला की, लष्कर माणसाला स्वतःच्या जिवाची किंमत कमी लेखायला शिकवते. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. वयाबरोबर घरची ओझी वाढतात, आजार वाढतात, दारू वाढते. आणि सैनिकाच्या हाताशी शस्त्र असते ही साधी गोष्ट त्याने पुरेशी तोलली नाही. परंतु त्याचे तक्ते टिकले. चांगल्या निरीक्षणाचे असेच असते. त्यावर बांधलेला सिद्धान्त कोसळला तरी ते उभे राहते.

पहिल्या महायुद्धातील ‘शेल शॉक’ची कथा पुष्कळांनी वाचलेली असेल, म्हणून येथे थोडक्यात. चार्ल्स मायर्स याने १९१५ मध्ये हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. पुढे आढळले की, अशा रुग्णाला आघाडीपासून दूर न नेता, लवकर, आणि ‘तू बरा होणार आहेस’ या अपेक्षेने उपचार केले तर तो अधिक चांगला सावरतो. हे ज्ञान उपयोगी पडले. तरी त्याचा हेतू शिपायाला पुन्हा खंदकात उभे करण्याचा होता, त्याला जगवण्याचा नव्हे, हे विसरू नये. त्याच युद्धात ब्रिटिश सैन्याने पळून जाण्याच्या व भ्याडपणाच्या आरोपांवरून आपल्याच तीनशेहून अधिक शिपायांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली २००६ मध्ये.

दोन विधवांना लिहायची पत्रे

आत्महत्या-प्रतिबंध हे स्वतंत्र शास्त्र म्हणून जन्माला आले ते १९४९ मध्ये, आणि तेही सैनिकांच्या कुटुंबांमुळे. एडविन श्नाइडमन हा तरुण मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात नोकरीला होता. दोन माजी सैनिकांनी आत्महत्या केली होती. त्यांच्या विधवांना रुग्णालयाच्या वतीने पत्रे लिहायचे काम त्याच्याकडे आले. माहिती काढायला तो मृत्यूची चौकशी करणाऱ्या सरकारी कचेरीत गेला. तेथे त्याला अशा मृत व्यक्तींनी मागे ठेवलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठेच सापडले. कोणी त्या अभ्यासल्या नव्हत्या. श्नाइडमनने नॉर्मन फार्बरो या सहकाऱ्याबरोबर त्यांचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, आणि १९५८ मध्ये दोघांनी एका मनोविकारतज्ज्ञाला बरोबर घेऊन त्या शहरात आत्महत्या-प्रतिबंध केंद्र काढले.

श्नाइडमनचे म्हणणे असे की, मागे राहिलेल्यांची काळजी घेणे हाही प्रतिबंधच आहे. पुढे याला पुरावा मिळाला. ब्रिटनमधील साडेतीन हजारांच्या आसपास तरुणांच्या एका पाहणीत, ज्यांचे जवळचे माणूस आत्महत्येने गेले होते त्यांनी स्वतः तसा प्रयत्न करण्याचे प्रमाण, ज्यांचे माणूस अचानक पण नैसर्गिक कारणाने गेले त्यांच्यापेक्षा ६५ टक्के अधिक आढळले. जवानाच्या मृत्यूनंतर कागदोपत्री प्रकरण मिटते. घरातले मिटत नाही.

धोक्यातली माणसे आधीच ओळखता आली तर?

हा विचार साहजिक आहे. सैन्यात भरती होतानाच मानसशास्त्रीय चाचणी घ्यावी आणि धोक्यातल्यांना बाजूला काढावे. आपल्याकडे १९४३ मध्ये डेहराडूनला अधिकारी निवडीसाठी अशा चाचण्यांचा प्रयोग सुरू झाला आणि ती परंपरा आजही चालू आहे. अधिकारी होण्याची पात्रता पाहायला चाचण्या चांगल्या. पण आत्महत्येचे भाकीत? वर्गात फळ्यावर करता येईल असे एक गणित पाहू.

समजा एक लाख सैनिक आहेत आणि वर्षभरात त्यांतले १० जण आत्महत्या करणार आहेत. समजा आपल्याजवळ अतिशय उत्तम चाचणी आहे : धोक्यातल्या दहांपैकी नऊ ती अचूक पकडते, आणि धोका नसलेल्या दहांपैकी नऊ जणांना योग्य रीतीने सोडून देते. (इतकी चांगली चाचणी प्रत्यक्षात कोणाकडेच नाही.) मग १० पैकी ९ जण पकडले जातील. उरलेल्या ९९,९९० जणांपैकी दहा टक्के, म्हणजे ९,९९९ जणांवर चुकीचा शिक्का बसेल. शिक्का बसलेले एकूण १०,००८, आणि त्यांत खरोखर धोक्यात असलेले अवघे ९. दर हजारात एकसुद्धा नाही! शिवाय शिक्का बसलेल्या दहा हजारांची बढती अडेल या भीतीने पुढच्या वर्षी कोणी खरे उत्तर देणार नाही ते वेगळेच. दोष चाचणीचा नाही. घटना विरळ असली की असेच होते. विद्यार्थ्यांना शक्यतेचे गणित शिकवताना फाशांचे उदाहरण बाजूला ठेवून हे घ्यावे, असे मी सुचवेन.

म्हणून ज्या कार्यक्रमांना यश आले त्यांनी माणसे निवडून काढण्याचा नाद सोडला आणि सगळ्यांचेच वातावरण बदलायला घेतले. सर्वांत नीट अभ्यासलेले उदाहरण अमेरिकी हवाई दलाचे आहे. १९९६ मध्ये, जनरल फोगलमन दलप्रमुख असताना, तेथे अकरा कलमी कार्यक्रम आखला गेला. अकराही कलमे येथे देत नाही, तीन पुरेत. पहिले : मदत मागणे हे कर्तव्यच आहे, ते अशक्तपणाचे लक्षण नव्हे, हे खुद्द दलप्रमुख सर्व तळांना वारंवार कळवीत. दुसरे : चौकशी वा खटला सुरू असलेला माणूस विशेष धोक्यात असतो हे ओळखून, अशी चौकशीची बातमी दिल्यानंतर त्याला एकटे सोडायचे नाही, त्याच्या वरिष्ठाच्या हाती प्रत्यक्ष सोपवायचे. तिसरे : अशा माणसाने समुपदेशकाशी केलेले बोलणे त्याच्याविरुद्ध खटल्यात वापरायचे नाही. पाहा, यांत एकही औषध नाही की एकही यंत्र नाही.

परिणाम २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नास लाखांहून अधिक व्यक्तींच्या नोंदी तपासल्या गेल्या. १९९७ नंतरच्या काळात आत्महत्येचा धोका आधीच्या तुलनेत ३३ टक्क्यांनी घटला होता. कुटुंबांच्या दृष्टीने त्याहून बोलका आकडा पुढेच आहे : तीव्र स्वरूपाचा कौटुंबिक हिंसाचार ५४ टक्क्यांनी आणि मध्यम स्वरूपाचा ३० टक्क्यांनी घटला. सौम्य हिंसाचाराच्या नोंदी मात्र वाढल्या. संशोधकांच्या मते त्याचे कारण लोक आता लवकर तक्रार करू लागले हे असावे. कार्यक्रम कुटुंबासाठी म्हणून आखलेला नव्हता, तरी त्याचा फायदा घरात पोचला. याचे कारण सोपे आहे : छावणीतला ताण आणि घरातला ताण यांच्यामध्ये भिंत नसते. पुढे २०१० मध्ये आणखी एक निबंध आला. त्यात दिसले की, २००४ मध्ये दर पुन्हा वर गेला, आणि त्याच सुमारास कार्यक्रमाची अंमलबजावणी ढिली पडलेली होती. लस टोचली की काम झाले असा हा प्रकार नव्हे. विहिरीचा गाळ दर उन्हाळ्यात काढावा लागतो, तसे हे आहे.

दुसरा मार्ग त्याहून साधा. आत्महत्येचा आवेग बहुधा अल्पकाळ टिकतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या पुलावर १९३७ ते १९७१ या काळात रोखल्या गेलेल्या ५१५ जणांचा माग काढला असता, सुमारे ९४ टक्के लोक अभ्यासाच्या वेळी हयात होते किंवा नैसर्गिक मृत्यूने गेले होते. एकदा थांबवले तर माणूस पुन्हा ते करेलच, ही समजूत चुकीची ठरली. मग त्या अवघड घटकेत साधनच हाताशी नसेल तर? इस्राएलच्या सैन्याने २००६ मध्ये नियम केला की, शुक्रवार-शनिवारच्या सुटीत घरी जाताना शिपायांनी शस्त्र तळावर ठेवून जावे. एकूण आत्महत्या ४० टक्क्यांनी घटल्या. घट जवळजवळ सगळी सुटीच्या दिवसांतली होती. इतर वारी फारसा फरक पडला नाही. एवढ्या स्वच्छ निकालाचा नैसर्गिक प्रयोग समाजविज्ञानात क्वचित मिळतो. स्वित्झर्लंडने २००३ मध्ये सैन्याचा आकार निम्म्यावर आणला तेव्हा घराघरांत ठेवलेली लष्करी शस्त्रेही कमी झाली, आणि तेथील तरुण पुरुषांतील आत्महत्या घटल्या. वाचलेल्यांपैकी दुसऱ्या मार्गाकडे वळलेले थोडेच निघाले, पाचांत साधारण एक.

आपल्याकडे

आता भारताचे आकडे. जुलै २०२२ मध्ये सरकारने संसदेत सांगितले की, मागील पाच वर्षांत तिन्ही दलांतील ८१९ जणांनी आत्महत्या केल्या : भूदल ६४२, हवाई दल १४८, नौदल २९. भूदल साधारण बारा लाखांचे धरले तर दर वर्षी लाखामागे अकराच्या आत दर येतो. २०२१ मध्ये देशाचा एकूण दर लाखामागे १२ होता. ‘म्हणजे सैन्यात प्रश्नच नाही’, असा निष्कर्ष काही जण काढतात. थांबा. सैनिक हा भरतीच्या वेळी तपासून, निवडून घेतलेला, निरोगी, नियमित पगार मिळवणारा तरुण असतो. देशाच्या आकड्यात बेकार, कर्जबाजारी, व्याधिग्रस्त असे सगळेच येतात. निवडलेल्या गटाची तुलना न निवडलेल्याशी केली की गट नेहमीच सुरक्षित भासतो. साथरोगशास्त्रात याला ‘निरोगी कामगाराचा परिणाम’ म्हणतात. या गटाचा दर खरे तर कितीतरी खाली असायला हवा होता.

कारणांविषयी सरकारी उत्तरांत वर्षानुवर्षे तीच यादी येते : घरगुती व वैवाहिक प्रश्न, पैशांची अडचण, ताण. यात नवल नाही. पारनेर किंवा पाथर्डीच्या जवानाने सीमेवर असताना बांधाचा दावा, भावकीचा तंटा, नाही तर मुलीच्या लग्नाची चिंता यांतले काय करावे? हा प्रश्न ब्रिटिशांनाही कळला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळातच सैनिकांच्या घरच्या अडचणी पाहणारी मंडळे निघाली. आजचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्याच वंशातले. १९२५ मध्ये तर सैनिकांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र कायदाच झाला : शिपाई विशिष्ट परिस्थितीत नोकरीवर असेल तर त्याच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध दिवाणी वा महसुली दावा पुढे रेटू नये. हा कायदा करणाऱ्यांच्या मनात आत्महत्या नसावी. तरी माझ्या मते आपल्याकडील प्रतिबंधाचे ते पहिले पाऊल समजावे, कारण मनावरचा ताण कमी करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे ताणाचे कारण कमी करणे. तहसील कचेरीतला लिपिक याबाबतीत मनोविकारतज्ज्ञाइतकाच महत्त्वाचा आहे. १९६६ मध्ये सैनिकांच्या पत्नींची कल्याण संघटना निघाली. एकविसाव्या शतकात रजेचे नियम सैल झाले, पलटणीतल्या अधिकाऱ्यांना आणि धर्मशिक्षकांना समुपदेशनाचे शिक्षण मिळू लागले, मदतीचे दूरध्वनी आले.

कायद्याची बाजू मात्र अवघडलेली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने म्हटले की, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे आणि दंडसंहितेखाली तिला शिक्षा करू नये. पण १९५० च्या सैन्य कायद्याच्या ६४ व्या कलमात आत्महत्येचा प्रयत्न हा अपराध म्हणून नोंदलेला आहे, आणि २०१७ च्या कायद्याची सवलत दंडसंहितेपुरतीच बोलते. सामान्य नागरिक ज्या कृतीनंतर रुग्ण ठरतो, त्याच कृतीनंतर सैनिक अपराधी ठरू शकतो. ज्याने मदत मागावी अशी आपली इच्छा आहे त्याला हे काय सुचवते?

ऑक्टोबर २०२३ मध्ये एका तरुण जवानाच्या मृत्यूनंतर असाच प्रश्न पुढे आला. स्वतःच्या हातून झालेल्या मृत्यूला लष्करी मानवंदना मिळत नाही, असा १९६७ चा आदेश आहे, असे सैन्याने स्पष्ट केले. २००१ पासून दर वर्षी सरासरी १०० ते १४० जवान असे गेल्याचे त्याच निवेदनात होते. शिस्तीची गरज मी समजू शकतो. अशा मृत्यूचा गौरव होऊ नये हेही खरे. गौरवाने अनुकरण वाढते याला पुरावा आहे. परंतु गौरव न करणे वेगळे आणि आईवडिलांना गावासमोर खाली मान घालायला लावणे वेगळे. पासष्ट टक्क्यांचा तो आकडा येथे पुन्हा आठवावा.

नगर जिल्ह्यातलेच एक उदाहरण सर्वश्रुत आहे. भिंगारला जन्मलेले किसन बाबुराव हजारे, म्हणजे अण्णा हजारे, साठच्या दशकात सैन्यात वाहनचालक होते. तरुणपणी एका टप्प्यावर आपण जीवन संपवण्याच्या विचारापर्यंत आलो होतो, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. दिल्लीच्या रेल्वे स्थानकावर विवेकानंदांचे एक पुस्तक हाती आले आणि विचार पालटला, असे ते सांगतात. १९६५ च्या युद्धात खेमकरणला त्यांच्या सोबत्यांवर हल्ला झाला त्यातूनही ते वाचले, आणि १९७५ मध्ये सैन्य सोडून राळेगणसिद्धीला परतले. पुस्तकाने जीव वाचतो असा सिद्धान्त एका उदाहरणावरून मांडता येणार नाही. ज्यांच्या हाती पुस्तक आले नाही त्यांच्या कथा आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. पण त्या पुलावरच्या ५१५ जणांबरोबर ही कथा ठेवली तर ती अपवादात्मक वाटत नाही. घटका टळली की माणूस पुढे पन्नास-साठ वर्षे जगू शकतो, आणि बरेच काही करू शकतो.

शिक्षकांचा यात भाग कोठे येतो? जिल्ह्यातल्या अनेक वर्गांत जवानांची मुले असतात. वडील रजेवर आल्यावर मूल गप्प झाले, किंवा आई एकाएकी शाळेत यायची थांबली, हे सर्वांत आधी वर्गशिक्षकालाच दिसते. विचारावे तर भीती वाटते, की आपण विचारल्यानेच नको ते मनात येईल. ही भीती तपासून पाहिली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांविषयी थेट प्रश्न होते, दुसऱ्याच्या नव्हते. २००५ मध्ये निकाल आला : प्रश्न विचारलेल्या गटात त्रास वाढला नाही, आणि जी मुले आधीच खचलेली होती त्यांना तर विचारल्याने किंचित हलके वाटल्यासारखे दिसले. तेव्हा सरळ शब्दांत, एकांतात, घाई न करता विचारावे. उत्तर ‘हो’ आले तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, आणि लगेच जाणत्या माणसाची मदत घ्यावी. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, दूरध्वनीला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी तिचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात उघडण्यात आला. क्रमांक शाळेच्या सूचनाफलकावर लावायला कोणाची परवानगी लागत नाही.